दसऱ्याचा मुहूर्त आणि २८ सप्टेंबर : खानदेशातून मॉरिशसला स्थायिक होताना कराचा हिशेब

जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आहे आणि मॉरिशस हा सबंध देश, त्याची लहानमोठी बेटे धरूनही, सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात तो पाच वेळा मावेल आणि वर थोडी जागा उरेल. तरीही लेखापाल, संगणक अभियंते, हॉटेल व्यवसायात शिकलेली मुले आणि क्वचित निवृत्तीला आलेले व्यापारी माझ्याकडे या बेटाची चौकशी करायला येतात. ‘तिथे कर कमी आहे’ हे त्यांचे पहिले वाक्य असते. ते खरे आहे, पण अर्धेच. मी जळगावात करसल्ल्याचे काम करतो आणि समोर बसलेल्याला मॉरिशसविषयी काही विचारण्याआधी तीन गोष्टी विचारतो : निघण्याची तारीख कोणती, शेत आणि प्लॉट कोणाच्या नावावर आहेत, आणि तिथला पगार कोणत्या खात्यात जमा होणार. बेटावरचा कर बेटावरचे सरकार ठरवते. भारतातला कर मात्र या तीन उत्तरांवर ठरतो, आणि बहुतेकांचे नुकसान याच बाजूला होते.

पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर अधिनियमाची जागा २०२५ चा आयकर अधिनियम घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला आहे. परंतु रहिवास ठरवण्याचे नियम जवळपास तेच आहेत. म्हणून येथे कलमांचे क्रमांक देण्याचे मी टाळले आहे.

पहिली पायरी : निघण्याची तारीख

भारतात आयकरासाठी माणूस रहिवासी आहे की अनिवासी, हे त्याच्या पासपोर्टच्या रंगावर किंवा व्हिसावर ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तो भारतात किती दिवस होता, यावर ते ठरते. सर्वसाधारण नियम असा की, वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहणारा रहिवासी. तसेच वर्षात ६० किंवा अधिक दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस राहणाराही रहिवासी. आयुष्यभर इथेच राहिलेल्या माणसाची दुसरी अट आपोआप पूर्ण होते. म्हणूनच नोकरीनिमित्त देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला कायद्याने सवलत दिली आहे : त्याच्यासाठी ६० ऐवजी १८२ दिवस धरले जातात.

आता कॅलेंडर उघडून मोजा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून १५३ दिवस होतात. त्यात सप्टेंबरचे २८ मिळवले की १८१. म्हणजे नोकरीसाठी जाणाऱ्याने २८ सप्टेंबरला विमानात बसले पाहिजे. २९ तारखेला बसला तर १८२ दिवस भरतात आणि ते संपूर्ण वर्ष तो रहिवासी ठरतो. निघण्याचा दिवस भारतात मोजायचा की नाही यावर वाद झालेले आहेत, त्यामुळे तो मोजलाच जाईल असे गृहीत धरावे. विमान रद्द होण्याची शक्यता लक्षात घेऊन मी तर २० सप्टेंबरच्या आतले तिकीट काढायला सांगतो.

इथे खानदेशातल्या घरांचा पंचांग आडवा येतो. यावल तालुक्यातील एका कुटुंबाची ही हकीकत २०२५ मधली आहे. मुलाला मॉरिशसच्या एबेन येथील एका कंपनीत नोकरी लागली होती आणि कामावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत केव्हाही रुजू होण्याची मुभा होती. पितृपक्षात निघायचे नाही म्हणून ७ ते २१ सप्टेंबर हे दिवस गेले. २२ तारखेला घट बसले, आणि देव बसले असताना घरातला मुलगा परदेशी पाठवायला आजी तयार होईनात. ‘दसऱ्याला सीमोल्लंघन कर, चांगला दिवस आहे,’ असे आप्पांनी सांगितले. दसरा २ ऑक्टोबरला होता. माझ्या टेबलावर पासपोर्ट आला तेव्हा त्यावरचा मुंबई विमानतळाचा शिक्का पुसट होता, पण तारीख वाचता येत होती. १८३ अधिक २, एकूण १८५ दिवस.

या चार दिवसांची किंमत काय झाली, हे आकड्यांत पाहू. आकडे सोपे करून घेतले आहेत. समजा, एप्रिल ते सप्टेंबर त्याला भारतात ६ लाख रुपये पगार मिळाला आणि ऑक्टोबर ते मार्च मॉरिशसमध्ये भारतीय चलनात सुमारे ९ लाख. २८ सप्टेंबरला गेला असता तर तो अनिवासी ठरला असता, मॉरिशसचा पगार भारतात करपात्र झालाच नसता, आणि ६ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरलेल्या ५.२५ लाखांवर नव्या करप्रणालीत उपकरासह ६,५०० रुपये कर बसला असता. रहिवासी ठरल्यामुळे १५ लाख धरावे लागले, वजावटीनंतर १४.२५ लाखांवर उपकरासह ९७,५०० रुपये. मॉरिशसमध्ये त्याच पगारावर भरलेल्या कराची वजावट दुहेरी करनिवारण करारामुळे मिळते, पण तिथला दरच कमी असल्याने ती वजावटही लहान असते. तिचा हिशेब करूनही जादा भार साठ हजारांच्या घरात जातो. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला येतो. २००९ साली तो बरोबर २८ सप्टेंबरला आला होता. तसा योग क्वचितच जुळतो. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, पण मुहूर्त पाहायचाच असेल तर तो श्रावणात किंवा गणपतीच्या दिवसांत पाहावा.

नोकरीसाठी जाणाऱ्याला जी सवलत आहे, तीत स्वतःचा व्यवसाय करण्यासाठी जाणाराही बसतो, असे न्यायालयीन निर्णयांनी मान्य केले आहे. मात्र निवृत्तीनंतर समुद्रकिनारी राहायला जाणाऱ्याला, किंवा नोकरदार पतीसोबत जाणाऱ्या पण स्वतः नोकरी न करणाऱ्या पत्नीला ती मिळत नाही. त्यांच्यासाठी ६० दिवसांचा नियम तसाच राहतो, आणि एप्रिलचे ३० व मेचे २९ मिळून ५९ दिवस होत असल्याने त्यांना २९ मेपर्यंत निघावे लागते. पती सप्टेंबरमध्ये आणि पत्नी त्याच्याबरोबर गेली, तर एकाच घरात त्या वर्षी पती अनिवासी आणि पत्नी रहिवासी, अशी स्थिती होते. पत्नीच्या नावावर ठेवी असतील तर हे आधीच लक्षात घ्यावे.

दुसरी पायरी : पुढील वर्षांच्या भेटी

परदेशी स्थायिक झालेला भारतीय नागरिक भेटीसाठी येतो तेव्हा त्याला वर्षात १८१ दिवसांपर्यंत येथे राहता येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस आणि दिवाळीला तीन आठवडे एवढ्या भेटींनी काहीही बिघडत नाही. फक्त भारतातील करपात्र उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. १२० ते १८१ दिवस राहिलेला असा माणूस आधीच्या चार वर्षांची ३६५ दिवसांची अट पूर्ण करत असेल तर रहिवासी होतो. पण ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ या मधल्या वर्गात बसतो.

या १५ लाखांत काय धरायचे, यावर बरीच गल्लत होते. परदेशातील उत्पन्न त्यात धरत नाहीत. शेतीचे करमुक्त उत्पन्नही धरत नाहीत, त्यामुळे रावेरकडच्या केळीच्या बागेतून वीस लाख आले तरी केवळ त्यामुळे ही मर्यादा ओलांडली जात नाही. दुकानाचे भाडे, ठेवींवरील व्याज, लाभांश आणि प्लॉट विक्रीचा नफा मात्र धरला जातो. ज्या वर्षी मोठा प्लॉट विकायचा, त्या वर्षी भारतातील मुक्काम आटोपशीर ठेवावा, असे मी म्हणतो ते यासाठीच.

याच १५ लाखांच्या रेषेवर आणखी एक नियम उभा आहे. भारतीय नागरिकाचे भारतातील करपात्र उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल आणि तो जगातील कोणत्याही देशात रहिवासाच्या आधारावर करास पात्र नसेल, तर एकही दिवस भारतात न राहता तो ‘मानीव रहिवासी’ ठरतो. मॉरिशसमध्ये व्यक्तींवर आयकर आहे, म्हणून तिथल्या खऱ्याखुऱ्या रहिवाशाला हा नियम सहसा लागत नाही. बहारीन किंवा केमन बेटांसारख्या, जिथे पगारावर आयकरच नाही अशा ठिकाणी जाणाऱ्याला तो लागू शकतो. मानीव रहिवासीही त्या मधल्या वर्गातच मोडतो आणि त्याचा तिथला पगार भारतात करपात्र होत नाही. पण भारतातून चालवल्या जाणाऱ्या व्यवसायाचे परदेशातील उत्पन्न मात्र करपात्र होते. धुळ्यात कार्यालय, धुळ्यात माणसे आणि फक्त बिले बेटावरच्या नावाने, अशी मांडणी सुचवणारे सल्लागार भेटतात. त्यांच्यापासून चार हात दूर राहावे.

दिवसांचा पुरावा जपणे हे कंटाळवाणे पण आवश्यक काम आहे. बोर्डिंग पास, तिकिटे आणि शिक्क्यांच्या पानांची छायाचित्रे वर्षनिहाय एका फाइलमध्ये ठेवावीत. पासपोर्टचे नूतनीकरण झाले तरी जुना पासपोर्ट टाकू नये.

तिसरी पायरी : बेटावरचा कर

मॉरिशसचे कर वर्ष १ जुलै ते ३० जून असते, हे सर्वप्रथम ध्यानात घ्यावे. आपल्या वर्षाशी ते जुळत नाही, आणि त्यामुळे वजावटीचा हिशेब करताना महिने तोडून मोजावे लागतात. त्या वर्षात १८३ दिवस, किंवा ते वर्ष आणि आधीची दोन वर्षे मिळून २७० दिवस तिथे राहणारा तिथला कर-रहिवासी होतो. जुलै २०२५ पासूनचे दर सरळ आहेत : पहिल्या ५ लाख मॉरिशस रुपयांवर शून्य, पुढील ५ लाखांवर १० टक्के आणि त्यापुढे २० टक्के. मॉरिशसच्या रुपयाचे मोल भारतीय रुपयाच्या दीडपट ते दुप्पट यांच्या दरम्यान असते.

महिना ८० हजार मॉरिशस रुपये पगार धरला आणि वर्षाअखेरीचा तेरावा पगार मिळवला, तर वार्षिक उत्पन्न १० लाख ४० हजार होते. पहिल्या पाच लाखांवर काही नाही, पुढच्या पाच लाखांवर ५० हजार, उरलेल्या ४० हजारांवर ८ हजार. एकूण ५८ हजार, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या थोडे वर. मालक तो दरमहा पगारातूनच कापतो. याखेरीज सामाजिक सुरक्षेची वर्गणी असते, तिचा दर मासिक मूळ पगार ५० हजारांवर असेल तर ३ टक्के आहे. भांडवली नफ्यावर, वारसाहक्कावर आणि संपत्तीवर तिथे कर नाही. खरेदीवर मात्र १५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि बेटावर बहुतेक वस्तू जहाजाने येत असल्याने घरखर्च जळगावच्या हिशेबात बसत नाही. कराची बचत मांडताना भाडे आणि किराणा यांचा रकाना मोकळा सोडू नये.

एक बारकावा आपल्या लोकांना फार उपयोगी आहे. बेटाबाहेरचे उत्पन्न तिथल्या रहिवासी व्यक्तीला तिथे आणल्यावरच करपात्र होते. जळगावच्या दुकानाचे भाडे जळगावच्याच बँकेत राहिले, तर मॉरिशसचे सरकार त्याकडे पाहत नाही; ते पोर्ट लुईच्या खात्यात गेले की पाहते. म्हणून इथला पैसा इथल्या खर्चासाठी आणि तिथला पैसा तिथल्या खर्चासाठी, अशी विभागणी सुरुवातीपासून ठेवावी.

नोकरीचा परवाना, ज्याला तिथे ऑक्युपेशन परमिट म्हणतात, तो इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डामार्फत मिळतो, आणि नोकरी देणारी कंपनीच बहुधा त्याची धावपळ करते. मॉरिशसमध्ये मराठी समाज एकोणिसाव्या शतकापासून आहे, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. याचा कराशी संबंध नाही, पण घरच्यांची चिंता कमी करायला ही माहिती कामी येते.

चौथी पायरी : बँक खाती आणि ठेवी

आयकर कायदा दिवस मोजतो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, हेतू पाहतो. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडणारा माणूस फेमानुसार निघाल्या दिवसापासून अनिवासी होतो. यावलचा तो मुलगा ऑक्टोबरमध्ये आयकरासाठी रहिवासी आणि बँकेसाठी अनिवासी होता. यात विसंगती नाही, कायदे दोन आहेत.

याचा परिणाम असा की, भारतातील साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. भाडे, शेतमालाचे पैसे, लाभांश या इथल्या कमाईसाठी ते खाते असते. परदेशातली बचत भारतात ठेवायची असेल तर वेगळे एनआरई खाते उघडावे. त्यावरील व्याज भारतात करमुक्त आहे आणि मुद्दल व व्याज दोन्ही केव्हाही बाहेर नेता येतात. पतसंस्थेला एनआरओ खाते उघडता येत नाही. आपल्या भागात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचा अनुभव ताजा आहेच. निघण्यापूर्वी तिथल्या ठेवी मोडून बँकेत आणाव्यात.

पगाराबाबत एक चूक वारंवार होते. तिथल्या मालकाला थेट भारतातील खाते क्रमांक दिला जातो. अनिवासी माणसाचा परदेशात कमावलेला पगार भारतात करपात्र नसतो, पण तो पहिल्यांदा भारतातच हातात पडला तर ‘भारतात प्राप्त झालेले उत्पन्न’ म्हणून आयकर खाते प्रश्न विचारू शकते. पगार आधी मॉरिशसच्या खात्यात घ्यावा आणि मग तिथून एनआरई खात्यात पाठवावा. एका जादा व्यवहाराने हा वाद संपतो.

एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के उद्गम कर (टीडीएस) कापते. १० लाखांच्या ठेवीवर ७० हजार व्याज मिळाले, तर २१,८४० रुपये कापले जातात. भारत-मॉरिशस करारात व्याजावरील कराची कमाल मर्यादा ७.५ टक्के आहे. तिचा लाभ घेतला तर तीच कपात ५,२५० रुपये होते. त्यासाठी मॉरिशस रेव्हेन्यू ऑथॉरिटीकडून कर-रहिवास प्रमाणपत्र मिळवून ते, आयकर पोर्टलवर भरलेल्या घोषणापत्रासह, दर वर्षी बँकेला द्यावे लागते. बँकेने तरीही जास्त कापले, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. ‘अनिवासी झालो, आता विवरणपत्र कशाला’ असे म्हणणाऱ्यांचा परतावा पडून राहतो.

अनिवासी झाल्यावर एक सवलत हातातून जाते, तीही सांगितली पाहिजे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो, तो कर सवलतीमुळे, आणि ती फक्त रहिवाशांना आहे. अनिवाशाला ४ लाखांची मूळ सूट मिळते, बाकी नाही. दुकानाचे भाडे आणि व्याज मिळून वजावटीनंतर वर्षाला ८ लाख करपात्र उरणाऱ्या माणसाला इथे राहून काही भरावे लागत नव्हते. बेटावर गेल्यावर उपकरासह २०,८०० रुपये भरावे लागतील. ज्यांचे बहुतेक उत्पन्न भारतातच आहे, अशा निवृत्तांना मी कराच्या कारणासाठी मॉरिशसला जाऊ नका, असे स्पष्ट सांगतो. हवेसाठी जायचे तर खुशाल जावे.

लोक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. त्यापुढे मुदतवाढ घेता येत नाही. म्युच्युअल फंड आणि डीमॅट खात्यांत केवायसी बदलून घ्यावे. निघण्याआधी सोबत मोठी रक्कम न्यायची असेल, तर रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांपुढील रकमेवर बँक बहुतेक कारणांसाठी २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, तरी तोवर पैसा अडकतो.

पाचवी पायरी : शेत

अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, फार्महाउस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. रहिवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली जमीन मात्र कायम ठेवता येते. वाटणी, खरेदी, नाव लावणे अशी सातबाऱ्यावरील जी कामे रेंगाळली असतील, ती निघण्यापूर्वी उरकून घ्यावीत. भावाच्या शेजारचा तुकडा विकत घ्यायचा बेत असेल तर तो आताच. नंतर तो तुकडा फक्त वारसाने किंवा रहिवाशाच्या नावावरच येऊ शकेल. पुढे शेत विकायचे ठरले, तर ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात तो सहसा शेतकरी असावा लागतो.

शेतीचे उत्पन्न अनिवाशालाही भारतात करमुक्त आहे. स्वतः पिकवले तरी आणि बटाईने दिले तरी. जमीन शेतीसाठीच वापरली जात असेल तर तिचे भाडेही शेती उत्पन्नच धरले जाते. इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपुढे असेल, तर दर ठरवण्यापुरते शेती उत्पन्न त्यात मिळवले जाते, एवढेच. केळी, कापूस किंवा हरभरा विकल्याच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात, कारण एनआरओ खात्यात दिसणारी मोठी रक्कम शेतीचीच आहे, हे दूर बेटावरून सिद्ध करणे अवघड जाते. पीएम-किसान योजनेतून अनिवासी भारतीय वगळलेले आहेत. हप्ता येत राहिला तरी तो पात्रतेचा पुरावा नव्हे, नाव स्वतःहून काढून घ्यावे.

ई-पीक पाहणी, कर्जाची कागदपत्रे, दुय्यम निबंधकाकडील कामे यांसाठी कुलमुखत्यारपत्र लागते. ते ‘सर्व अधिकार’ अशा मोघम भाषेत करू नये. कोणत्या गटाची, कोणती कामे, किती काळ हे लिहावे, आणि विक्रीचा अधिकार देऊ नये.

गावाकडची जमीन विकल्यावर होणारा नफा करमुक्त असतो, पण ‘गावाकडची’ कोणती, हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या हवाई अंतरावर ठरते. १० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या गावापासून २ किलोमीटरपुढे, १ ते १० लाख वस्तीच्या शहरापासून ६ किलोमीटरपुढे आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटरपुढे असलेली जमीन यात बसते. जळगाव आणि भुसावळ यांना ६ किलोमीटर लागू होतात, यावल-रावेरसारख्या गावांना २. रस्त्याने सात किलोमीटर असलेले शेत हवाई अंतराने पाचच भरते, असा अनुभव मी घेतला आहे.

सहावी पायरी : प्लॉट आता विकावा की नंतर

ज्यांनी २३ जुलै २०२४ पूर्वी घर किंवा प्लॉट घेतला आहे आणि तो कधीतरी विकायचाच आहे, त्यांनी हा भाग नीट वाचावा. त्या तारखेनंतर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आला आणि महागाई निर्देशांकाचा लाभ गेला; परंतु रहिवासी व्यक्तीला जुन्या मालमत्तेसाठी २० टक्के आणि निर्देशांक हा पर्याय ठेवला गेला. अनिवाशाला तो पर्याय नाही.

समजा, २०१२-१३ मध्ये २० लाखांना घेतलेला प्लॉट २०२५-२६ मध्ये ४० लाखांना विकला. त्या दोन वर्षांचे निर्देशांक २०० आणि ३७६ आहेत, म्हणून खरेदी किंमत ३७.६० लाख धरली जाते. रहिवाशाला २.४० लाखांवर २० टक्के, म्हणजे ४८ हजार अधिक उपकर भरावा लागतो. अनिवाशाला २० लाखांच्या सरळ नफ्यावर १२.५ टक्के, म्हणजे अडीच लाख अधिक उपकर. शिवाय अनिवाशाकडून घेणाऱ्याला पूर्ण ४० लाखांवर ५ लाख आणि उपकर एवढा उद्गम कर कापावा लागतो, जोवर विक्रेता आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणत नाही. गावातला घेणारा हे ऐकूनच मागे हटतो किंवा भाव पाडतो. किंमत अनेक पटींनी वाढलेल्या प्लॉटबाबत मात्र १२.५ टक्केच स्वस्त पडतात आणि घाई करण्याचे कारण उरत नाही. दोन्ही हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ठरवू नये.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात; त्यासाठी सीएचे प्रमाणपत्र लागते.

एकत्र कुटुंबाचा वेगळा पॅन असेल आणि कर्ता बेटावर जात असेल, तर कर्त्यासोबत ते कुटुंब अनिवासी होत नाही. कारभाराचा काही भाग जरी भारतातून चालला, तरी ते रहिवासीच राहते.

निघण्याच्या आठवड्यात

आयकर पोर्टलवर रहिवासाची नोंद बदलावी आणि परदेशातला पत्ता द्यावा. पॅन आधारशी जोडलेला आहे याची खात्री करावी. देश सोडण्यासाठी प्रत्येकाला कर-मुक्ततेचा दाखला लागतो, अशी अफवा २०२४ मध्ये पसरली होती, तसे नाही. गंभीर आर्थिक गैरव्यवहाराचे प्रकरण किंवा १० लाखांवरील थकबाकी अशा मोजक्या बाबतींतच तो मागितला जातो. जळगावच्या सराफ बाजारातून घेतलेले दागिने सोबत नेत असाल, तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे; परत येताना तेच दागिने आयात केले असे कोणी म्हणू शकत नाही. ज्या वर्षी तुम्ही पूर्ण रहिवासी ठरता, त्या वर्षी परदेशातील बँक खाते विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे. मॉरिशस आणि भारत एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप पुरवतात, त्यामुळे ते लपत नाही.

परतीची तारीख

परत येण्याचाही हिशेब असतो आणि तो जाण्यापेक्षा सैल आहे. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसांहून कमी काळ भारतात राहिलेला माणूस कायमचा परतला, तरी त्या वर्षात १८२ दिवस भरेपर्यंत अनिवासीच राहतो. २ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १८१ दिवस होतात. लीप वर्ष असेल तर ३ ऑक्टोबरपासून मोजावे. त्यानंतर साधारण दोन वर्षे तो मधल्या वर्गात राहतो, कारण मागील सात वर्षांतील त्याचे भारतातील दिवस ७२९ च्या आत असतात, आणि त्या काळात मॉरिशसमधील ठेवींचे व्याज तिथेच राहिले तर भारतात करपात्र होत नाही. यावलच्या त्या मुलाला मी हे गेल्या दिवाळीत फोनवर सांगितले, तेव्हा आप्पांनी फोन मागून घेतला आणि परतायला दसरा चालेल का, असे विचारले. दसरा २ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर असेल आणि त्या वर्षी आखाजीला वगैरे तो आधी आलेला नसेल, तर चालेल. आखाजीला वीस दिवस राहून गेला असेल, तर तेवढेच दिवस पुढे सरकून २२ ऑक्टोबरनंतर यावे, असे त्यांना कळवले आहे.